बाबांचं एकट्याचं जेवण

“जेवू नका, मी आलेच,” असं मी बाबांना फोनवर बजावलं. हे बजावणारी बाई दिवसभर लोकांच्या रक्तातली साखर मोजते. वेस्टमीडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला पंधरा वर्षं झाली, तरी आपण काय बोलून बसलो हे कळायला मला ट्रेनमध्ये बसावं लागलं. दारं बंद झाली, गाडी हलली आणि मी पर्समध्ये फोन शोधायला लागले.

नीट सांगते. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि दुपारच्या जेवणाआधी त्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. त्याची मी एक पद्धत बसवली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. साडेबाराला लॅबमधून बाहेर पडताना मी फोन करायचा, “बाबा, निघाले.” तो फोन आला की बाबांनी पोटाला सुई टोचायची. वीस मिनिटांत मी हॅरिस पार्कच्या आमच्या फ्लॅटवर, ताट वाढायचं, समोर बसायचं, ते जेवेपर्यंत बघायचं आणि परत ट्रेन. या दोन तासांच्या बदल्यात मी सकाळी साडेसहाला कामावर जाते. लॅबमधल्या पोरी मला वेडी म्हणतात. म्हणू देत.

त्या दिवशी “निघाले” म्हणून झालं, पर्स खांद्याला लावली, आणि दारातूनच मला परत बोलावलं. एका नवजात बाळाचं सॅम्पल आलं होतं आणि त्या मशीनवर दुसरं कोणी नव्हतं. मी हातमोजे चढवता चढवता दुसरा फोन केला. “बाबा, अर्धा-पाऊण तास उशीर होतोय. जेवू नका, मी आलेच.” बाबा म्हणाले, “बरं.” ते नेहमी बरंच म्हणतात.

सुई तर त्यांनी पहिल्या फोनलाच घेतली असणार! आत औषध, आणि वर मुलीचा हुकूम की जेवू नका.

ट्रेनमधून मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पॅरामॅटा येईपर्यंत पाच वेळा लावला. समोर बसलेली एक बाई माझ्याकडे बघून हसली, मला तिचा विनाकारण राग आला. पुढे काय होतं हे मला तोंडपाठ आहे. आधी घाम येतो, हात थरथरतात. मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, हट्टाला पेटतो. मग झोप लागल्यासारखा आडवा होतो, आणि त्या झोपेतून वेळेवर उठवलं नाही तर उठवायचं राहूनच जातं. असे आकडे मी कागदावर शेकडो पाहिले आहेत, दोन पॉइंट अमुक, एक पॉइंट तमुक; इथल्या मापात चारच्या खाली गेलं की धोका. त्या आकड्यामागे कोणीतरी जमिनीवर पडलेलं असतं याचा विचार करत बसलं तर काम होत नाही.

हॅरिस पार्क स्टेशनच्या पायऱ्या मी कशा उतरले ते मला आठवत नाही. इथला फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, छत्तीस डिग्री, फूटपाथ तापलेला. फ्लॅटच्या दाराशी पोचले तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. किल्ली पहिल्यांदा मी उलटीच घातली. आणि मग आतून बाबांचं नेहमीचं जपानी गाणं ऐकू आलं आणि मला हायसं वाटलं. गाणं चालू आहे म्हणजे बाबा बसलेले आहेत. “बाबा!” म्हणत मी आत शिरले.

खुर्ची रिकामी. फोन टेबलावर चार्जरला लावलेला, त्यावर माझे सात मिस्ड कॉल, आणि ते गाणं आपलं एकटंच चाललेलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी बाथरूम बघितलं, बाल्कनी बघितली, पलंगाच्या पलीकडे बघितलं, लाज सोडून कपाटही उघडलं. भाताचा डबा भरलेला, पोळ्या फडक्यात, ताट पालथं. फ्रिजवर बाबांची वही होती. आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, सगळ्याची नोंद ठेवतो. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, “१२.३३, दहा युनिट.” बूट नव्हते, टोपी नव्हती.

मी ते गाणं बंद करायला गेले. फोन लॉक होता, तरी बोटाने मिळेल तिथे दाबत राहिले, शेवटी आवाज पूर्ण खाली केला. त्या क्षणी त्या गाण्याचा मला एवढा तिटकारा आला की सांगता येत नाही.

तसं ते गाणं आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. बाबांना त्यांच्या कंपनीने ऐंशी साली अकरा महिने जपानला, कोबेला पाठवलं होतं, जहाजांची डिझेल इंजिनं शिकायला. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. आई पुण्याला, बाबा तिकडे. कारखान्याच्या मागच्या गल्लीत सात स्टुलांची एक खाणावळ होती, तिथे बाबा रोज संध्याकाळी एकटे जेवायचे. फळीवर रेडिओ असायचा आणि त्यावर हे गाणं लागायचं. एक माणूस घोगऱ्या आवाजात हळूहळू गातो, मागे तीन-चारजण नुसतेच हूं हूं करतात, मध्येच सॅक्सोफोन गळा काढतो. बंदर, पाऊस आणि निघून गेलेली बाई असा सगळा प्रकार आहे म्हणे. येताना बाबा त्याची कॅसेट घेऊन आले आणि रविवारी दाढी करताना ती लावायचे. आई म्हणायची, “लागला तुमचा रडका जपानी.”

पण चेष्टा तेवढीच. बाबांनी त्या खाणावळीचं नाव काढलं की आईचा चेहरा उतरायचा. “अकरा महिने बिचारे एकटे जेवले हो,” असं ती आल्यागेल्याला सांगायची आणि सांगता सांगता बाबांच्या ताटात आणखी एक मूद वाढायची. बाबा काही बोलायचे नाहीत, मुकाट्याने खायचे. आम्हा मुलांना वाटायचं, किती सोसलं यांनी. एकट्याने जेवणं ही आमच्या घरात शिक्षाच होती. कोणी आजारी असलं तरी त्याच्या उशाशी दुसरं कोणीतरी ताट घेऊन बसायचं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. जायच्या आधी चार दिवस, बोलताना धाप लागत असताना, तिने माझा हात धरून एवढंच मागितलं. “यांना एकट्याने जेवायला लावू नकोस गं, चित्रा.” मी हो म्हणाले. बाबांना इकडे घेऊन आले आणि ते वचन रोज दुपारी ट्रेनने जाऊन-येऊन पाळत होते. वचन पाळता पाळता आज मी त्यांना मारायला निघाले होते. तिथे, त्या रिकाम्या खुर्चीपाशी उभं राहून, मला अगदी याच शब्दांत हे कळलं.

मी खाली धावले. बाबा कुठे जाऊ शकतात? हॅरिस पार्कमध्ये त्यांची ठरलेली ठिकाणं. आधी विग्राम स्ट्रीटवरचं किराणा दुकान. तिथे काउंटरला सुमेधा असते, नाशिकची, शिकायला आली आणि इथलीच झाली.

“सुमेधा, बाबा आले होते?”

“नाही गं, आज नाही दिसले काका. व्हॉट हॅपन्ड? तू अशी का दिसतेयस?”

“इन्सुलिन घेऊन न जेवता बाहेर पडलेत. तासभर होत आला.”

तिने हातातली मेथीची जुडी तशीच टाकली. “मी स्टेशनच्या बाजूला बघते. तू मिठाईवाल्याकडे बघ, ते तिथे पेपर वाचत बसतात ना. फोन चालू ठेव.”

मिठाईवाले पाजी म्हणाले, “अंकलजी तो सुबह के बाद आए ही नहीं, बेटा.” मग लायब्ररी. मग बाग. बागेतल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून बसले होते, तशीच पांढरी टोपी. मी रस्ता न बघता ओलांडला, एका गाडीने हॉर्न मारला, आणि जवळ गेले तर ते दुसरेच कोणी. गुजराती असावेत. त्यांनी दचकून वर पाहिलं आणि मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. पुढच्या गल्लीत मी प्रत्येक झुडपामागे वाकून बघत चालले होते. माणूस झुडपामागे पडला असेल असं आपण बघतोय, हे मनात आलं, तरी वाकणं थांबेना.

एक पन्नास. सत्याहत्तर मिनिटं. हा हिशोब डोक्यात आपोआप चालला होता. ते औषध तासा-दीड तासाने सगळ्यात जोरात असतं. म्हणजे आत्ता. नेमकं आत्ता, कुठल्यातरी उन्हात.

मी ट्रिपल झीरोला, इथल्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरला, फोन लावला. पलीकडची बाई फार शांत होती, तिच्या शांतपणाने मला रडू यायला लागलं. वय, उंची, कपडे. निळा चेक्सचा शर्ट, बहुतेक. सकाळी मी नीट बघितलंच नव्हतं. मी त्यांचं ताट बघते, साखर बघते, वही बघते. शर्ट बघितला नव्हता.

“इज देअर समव्हेअर ही लाइक्स टु गो, लव्ह?” तिने विचारलं. “अ कॅफे मेबी? समव्हेअर ही हॅज लंच ऑन हिज ओन?”

“नो,” मी जवळजवळ ओरडले. “ही डझन्ट ईट अलोन. ही नेव्हर ईट्स अलोन.”

आणि बोलता बोलता ते माझं मलाच ऐकू आलं.

गेली पंचवीस मिनिटं मी किराणा, मिठाई, लायब्ररी, बाग पालथी घातली होती. एकाही हॉटेलात डोकावले नव्हते. आमचा माणूस एकटा हॉटेलात जाऊन बसेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. पण तीन आठवड्यांपूर्वी आम्ही पॅरामॅटाला बाबांचा चष्मा आणायला गेलो होतो. चर्च स्ट्रीटच्या मागे एक अरुंद आर्केड आहे, छप्पर घातलेली दुकानांची गल्ली, त्यात एक छोटं जपानी हॉटेल, दारावर निळा कापडी पडदा. बाबा तिथे थांबले. पडद्यावरची अक्षरं बोट लावून वाचायला लागले. पंचेचाळीस वर्षांनी त्यांना ती येत होती! “चित्रा, बघ, काउंटर आहे. एकेकट्या माणसाची बसायची सोय असते,” असं म्हणाले. मी त्यांचं कोपर धरून ओढलं. “चला बाबा, पार्किंग संपेल. शनिवारी सगळे मिळून येऊ.” त्यानंतर तीन शनिवार झाले. त्याच आठवड्यात माझ्या मुलीने, श्रियाने, त्यांना हे गाणं यूट्यूबवर शोधून दिलं होतं, आणि मी रोज म्हणत होते, “बाबा, बास करा ना ते.”

मी त्या बाईला आर्केड सांगितली, निळा पडदा सांगितला, ॲम्ब्युलन्स तिथे पाठवा म्हणाले आणि पळत सुटले.

हॅरिस पार्कहून पॅरामॅटा चालत पंधरा मिनिटं. गाडी काढून पार्किंग शोधत बसायला वेळ नव्हता. चव्वेचाळीस वर्षांची, लॅबच्या जाड तळव्याच्या बुटांतली बाई किती जोरात पळू शकते ते मला त्या दिवशी कळलं, फारसं नाही. रेल्वे पुलाखालून, सिग्नल तोडून, लोकांना धक्के देत. मी देवाचं नाव घेत नव्हते, मी बाबांना शिव्या घालत होते. फोन कशाला दिलाय तुम्हाला? शोभेला? आणि मध्येच स्वतःला. जेवू नका म्हणे! कोण समजतेस तू स्वतःला? चर्च स्ट्रीटवर लाइट रेलची ट्राम आडवी आली. तिचे डबे संपेचनात. त्या दहा-बारा सेकंदांत मला स्पष्ट दिसलं की मी माझ्या भावाला पुण्याला फोन करते आहे आणि कसं सांगायचं ते सुचत नाहीये.

आर्केडच्या तोंडाशी पोचले आणि सॅक्सोफोन ऐकू आला.

तेच गाणं. घरी मी ज्याचा गळा दाबला होता तेच, इथे आतल्या स्पीकरवर हलक्या आवाजात चाललं होतं. बाबांशिवाय या देशात ते कोण लावायला सांगणार! मी पडदा डोक्यावरून बाजूला सारून आत घुसले.

लांबट काउंटर, आठ-नऊ स्टुलं, बाकी सगळी रिकामी. शेवटच्या स्टुलावर बाबा. ताठ बसलेले, दोन्ही हात मांडीवर. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा कागदासारखा पांढरा. समोर लाकडी ट्रे होता, त्यात भाजलेला मासा, भात, लोणचं, वाटीत सूप. कशालाही हात लावलेला नव्हता. चॉपस्टिक्स अजून कागदाच्या वेष्टनात होत्या. भातावरची वाफ कधीच गेली होती.

काउंटरमागे साठीची एक जपानी बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. मला बघताच तिने सुटकेचा श्वास सोडला. “यू आर चित्रा?”

मी मान हलवली.

“आय टेल हिम, प्लीज ईट, प्लीज ईट. ही सेज नो. माय डॉटर इज कमिंग. माय डॉटर सेज वेट.” ती रडवेली झाली होती. “इन जॅपनीज ही सेज. सो पोलाइट, ओल्ड जॅपनीज. फिफ्टी मिनिट्स, ही वेट.”

 इथवर एकटे आले, स्वतःच्या मनाने मागवलं, हवं ते गाणं लावून घेतलं, आणि घास मात्र उचलला नाही. मी थांबा म्हणाले होते म्हणून.

“बाबा.”

त्यांनी मान वळवली. नजर माझ्यावरून घरंगळून पलीकडे गेली. “आलीस? बस, बस. तुझं ताट कुठाय?” जीभ जड झाली होती. “हिचं ताट वाढा हो कोणीतरी.”

“शुगर,” मी त्या बाईला म्हणाले, “एनिथिंग स्वीट, लेमोनेड, क्विक!” तिने फ्रिजमधून बाटली काढून फोडली. मी ग्लास त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

“प्या, बाबा.”

“आधी तू बस.”

“मी बसलेय. प्या.”

“सगळे बसू देत. तुझी आई आली नाही अजून.”

हट्टाला पेटतो, म्हणाले ना मी. हे नुसतं त्या औषधाचं काम आहे, हे मला माहीत होतं, आणि तरी मी दाराकडे बघितलं. हळूहळू त्यांची मान एका बाजूला कलायला लागली. शुद्ध गेली तर तोंडातून काही देता येत नाही. माझ्याकडे एखादं मिनिट होतं, फार तर दोन. समजावून होणार नव्हतं. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर जिवाच्या आकांताने ओरडले.

“बाबा! मी सांगतेय ना, प्या! थांबायचं नाही आता कोणासाठी! प्या!”

“बरं,” ते म्हणाले, आणि प्यायले.

अर्धा ग्लास शर्टावर सांडला, अर्धा आत गेला. दुसरा ग्लास थोडा कमी सांडला. मी त्यांच्या घशाकडे बघत होते, घोट उतरतोय का, अजून एक उतरतोय का. ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा मी बाबांच्या गुडघ्यांना घट्ट धरून जमिनीवर बसले होते. त्यांनी बाबांचं बोट टोचलं. दोन पॉइंट सहा, ग्लासभर लेमोनेड पोटात गेल्यानंतरही. त्याआधी किती असेल ते मला समजून घ्यायचं नव्हतं. त्यांनी वर साखरेचं जेल दिलं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा टोचलं. पाच पॉइंट एक. बाबांच्या गालावर रंग परत येताना मी बघितला. आधी कानाच्या पाळ्या, मग नाक.

“गुड ऑन यू, मेट,” त्यातला तरुण म्हणाला. “हॉस्पिटल?” बाबांनी ठाम नकार दिला. त्याने आणखी काही प्रश्न विचारले, तारीख, वार, पत्ता, आणि बाबांनी सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली. मी कुठे काम करते हे कळल्यावर तो म्हणाला की नेऊ नका म्हणून सही करा, रात्रभर दर दोन तासांनी तपासा. “अँड ही नीड्स अ प्रॉपर फीड. राइट नाऊ. राइस इज गुड.”

ती बाई आधीच आत वळली होती. थंड ट्रे तिने उचलून नेला आणि नवा मासा जाळीवर ठेवला.

मी बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. आता भीती उतरली तर राग यायला हवा होता, पण भीती उतरतच नव्हती.  “का आलात इथे? मला न सांगता?”

“सांगणार होतो. फोन घरीच राहिला.” बाबा ओशाळले होते. “तू म्हणालीस थांबा. म्हटलं, थांबायचंच आहे तर तिथे जाऊन थांबू. इंजेक्शनचं डोक्यातूनच गेलं बघ. चालताना जरा गरगरलं, वाटलं ऊन आहे.”

“आणि मागवल्यावर तरी खायचं!”

“तू येतेयस म्हटल्यावर कसं खाणार? सवयच नाही.”

“मी इथे येतेय हे मला कुठे माहीत होतं, बाबा?”

त्यांनी थोडा विचार केला. “तेही खरंच,” म्हणाले.  गाणं संपलं होतं, आता दुसरंच काहीतरी लागलं होतं. मी म्हणाले, “आईला वचन दिलंय मी. तुम्हाला एकट्याने जेवायला लावणार नाही म्हणून. कोबेला तुमचे जे हाल झाले...”

“हाल?” बाबा माझ्याकडे बघायला लागले. “कसले हाल गं? मजेत होतो मी.”

मला वाटलं, साखर पुन्हा उतरतेय. मी त्यांचा हात चाचपला. हात कोरडा होता.

“अकरा महिने,” बाबा म्हणाले, “मी काय खातोय, किती खातोय, आवडलं की नाही, कोणी बघत नव्हतं. ती खाणावळवाली ट्रे ठेवायची आणि पाठ फिरवायची. मी, रेडिओ आणि मासा. घरी सहा भावंडांत वाढलो, मग मेस, मग संसार. आयुष्यात तेवढीच जेवणं माझी एकट्याची.”

“मग आईला कधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? लग्नाला आठ महिने झालेले. ती इकडे रडतेय, आणि मी सांगू की तुझ्याशिवाय जेवण छान लागायचं?” ते किंचित हसले. “ती माझी कीव करून एवढ्या मायेने वाढायची. मला ते मोडवलं नाही. आणि वाईट वाटत नव्हतं मला, खरंच. तीही जेवणं चांगलीच होती. पण गेली दोन वर्षं, चित्रा, तू समोर बसतेस आणि माझा घास मोजतेस. मला गिळवत नाही गं.”

 त्या बाईने ट्रे आणून ठेवला. माशाचं कातडं तडतडत होतं, भाताला वाफ होती. मी सवयीने वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि चॉपस्टिक्सचा कागद सोलायला घेतला. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“तू जरा बाहेर बस.”

“बाबा, आत्ता? आत्ता अर्ध्या तासापूर्वी तुम्ही...”

“त्या आहेत ना इथे. मी जेवतो. सगळं संपवतो. तू बाहेर बस.”

नाही म्हणायला माझ्याकडे शंभर कारणं होती आणि सगळी खरी होती. घास अडकला तर? पुन्हा चक्कर आली तर? स्टूल उंच आहे, पाठीला टेकू नाही. मी त्या बाईकडे बघितलं. तिला शब्द कळले नसतील, पण तिने मान हलवली. मी पर्समधल्या जेली बीन्सच्या गोड गोळ्या तिच्या हातात ठेवल्या आणि पडद्याखालून वाकून बाहेर आले.

आर्केडमध्ये समोरच एक बाक होता. त्यावर बसलं की काचेतून बाबांची पाठ दिसत होती, ओला शर्ट, पांढरे केस. त्यांचा उजवा हात वर गेला. खाली आला. मी घड्याळ बघितलं. हात पुन्हा वर गेला. तीन घास. चार. मग मध्येच ते थांबले आणि मी ताडकन उभी राहिले, दाराच्या दिशेने दोन पावलं टाकली. ते सूप पीत होते.

मी परत येऊन बसले आणि पाचवा घास मोजायला लागले. मोजता मोजता मला कळलं की मी बाहेर आलेलीच नाही. मी अजून त्यांच्या समोरच बसले होते, फक्त मध्ये काच होती.

मग मी उठले, बाकाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि दुकानाकडे पाठ करून बसले. समोर चाव्या बनवणाऱ्याचं बंद शटर होतं. मागून एकदा भांड्याचा आवाज आला, एकदा स्टूल सरकल्यासारखं वाटलं. हॅरिस पार्कच्या झुडपांमागे वाकून बघतानाही वाटली नव्हती एवढी भीती मला त्या बाकावर वाटली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले आणि मागे वळून बघितलं नाही.